चार मेझुझा

फोटोत मेझुझाचा खालचा स्क्रू गंजलेला होता, वरचा नव्हता. तोरा या ज्यू धर्मग्रंथातल्या ओळी आत ठेवलेली ती अरुंद डबी दाराच्या चौकटीवर रीतीप्रमाणे किंचित आत कललेली होती आणि तिच्या कडेवर पांढऱ्या रंगाचा एक थेंब सुकला होता. तो थेंब हेमदाच्याच हातचा. चार दारांना चार मेझुझा तिनेच बसवल्या होत्या आणि मे महिन्यात भाड्याचं घर सोडताना चारही तिथेच ठेवल्या होत्या.

"बघा!" घरमालक झुंडेलने फोटो तिन्ही न्यायाधीश रब्बींपुढे सरकवला. "हिचं सामान माझ्या दारांवर, आणि म्हणे घर सोडलं. मग चार महिन्यांचं भाडं कोण भरणार, मी?"

जेरुसलेमच्या ज्यू धर्मन्यायालयाच्या या खोलीतली ही तिसरी तारीख. करार वर्षाचा होता. आठ महिने झाले आणि लांब उत्तरेला, त्स्फात गावी, हेमदाची आई पडली, मांडीचं हाड मोडलं. हेमदा नवऱ्यामुलांसह तिकडे राहायला गेली. करार आपण मोडला हे तिने कधी नाकारलं नाही. म्हणून तर जाण्याआधीच तिने दुसरे भाडेकरू आणून उभे केले होते: शारअबी नवराबायको, येमेनी ज्यू, दोघंही शाळेत शिकवणारे. झुंडेलने त्यांना जिन्यावरूनच परत पाठवलं, घराला कुलूप घातलं, आणि आता एकोणीस हजार दोनशे शेकेल मागत होता.

"मागून ज्यू भाडेकरू येणार असेल तर मेझुझा काढायच्या नसतात, झुंडेल," मधले रब्बी कलमन म्हणाले. "तुझ्या नातवालाही ठाऊक असेल हे."

"नातवाला भाड्यावर पोट भरायचं नाहीये, रब्बी."

उझिएल, हेमदाचा नवरा, हसला. तिने वळून पाहिल्यावर गप्प झाला.

"शारअबींना का नाही दिलंस?" कलमननी विचारलं.

"माणसं चांगली असतील हो. पण आमचा जिना शांत. ते येमेनी लोक, दर शनिवारी शब्बाथला पन्नास पाहुणे, घरभर मेथीचा वास..."

"ते दोघंच होते," हेमदा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "आम्ही पाच होतो. आणि पाहुणे कधी मोजलेत तुम्ही? त्यांना उंबरा तरी ओलांडू दिलात?"

"बाई, तुम्ही तुमच्या प्रयोगशाळेत पाणी तपासा. माणसं मला कळतात."

"पुरे!" कलमननी हात वर केला. "कायद्यावर बोट ठेवलं तर सगळं एकाच्या अंगावर येईल. कोणाच्या, ते आत्ता सांगणार नाही. त्यापेक्षा तडजोड करा. निम्मं द्या आणि विषय संपवा." त्यांनी कागद पुढे केला. कायदा की तडजोड, एक निवडून खाली सही करायची.

मागच्या दोन्ही तारखांना हाच कागद आला होता. दोन्ही वेळा उझिएलने "विचार करून सांगतो" म्हणत वेळ मारून नेली होती, आणि दोन्ही वेळा हेमदा गप्प राहिली होती.

"देऊन टाकू," तो कुजबुजला. "हरलो तर दुप्पट जातील. कुठून आणायचे?"

"निम्मे तरी आहेत का?"

"उसने काढू. संपव ना आता, हेमदा."

निम्मे दिले म्हणजे झुंडेलचं निम्मं खरं होतं, असं लिहून द्यायचं. खाली सही तिची. शारअबीबाई त्या दिवशी पडद्यांसाठी मापाची टेप घेऊन आली होती. दार तिच्या तोंडावर लागलं तेव्हा तिने टेप गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "असू दे, होतं असं." रागावली नाही, रडली नाही. इतकं सवयीचं बोलली की हेमदाला चार महिने ते पचलं नव्हतं.

"मग, उझिएल?" कलमननी पेन पुढे केलं. "काय ठरलं?"

"मला विचारा, रब्बी. करारावर सही माझी आहे." हेमदा उभी राहिली. "तडजोड नको. एका शेकेलचीही नको. हरले तर सगळे भरेन. मला कायद्याने निकाल हवा."