वास नाही, गळती नाही

मावशींच्या ओट्याखाली मी डोकं घातलं, डोळे मिटले आणि दोनदा जोरात श्वास ओढला. सगळं नाटक होतं. मला काहीही कळलेलं नव्हतं.

मावशी मागे उभ्या होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि घरातही कोट घातलेल्या. गॅसचा वास येतोय म्हणून दोन दिवस त्यांनी सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवल्या होत्या. दोन दिवसांत काडी ओढली नाही की चहा घेतला नाही, हे त्यांनी मला दारातच ऐकवलं होतं.

गॅस कंपनीत तपासनीस म्हणून मला एकतीस वर्षं झाली. कचेरीत मला नाकशेठ म्हणतात. गळती शोधायचं यंत्र आलं तेव्हा, फुकटचं नाक असताना हे लोढणं कशाला, असं मी चारचौघांत म्हणालो होतो. यंत्र न घेणारा अख्ख्या खात्यात मी एकटा. अडीच महिन्यांपूर्वी मला ताप आला, चार दिवसांत उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. आता यंत्र मागायला जायचं म्हणजे स्वतःचं पितळ स्वतःच उघडं पाडायचं. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, ढकलू कसंतरी, असं मी ठरवलं होतं.

नोकरीची भीती होतीच, पण खरं सांगतो, रडू यायचं ते दुसऱ्याच गोष्टींनी. नवा साबण कागदातून काढला की मी आधी हुंगायचो. नुकती इस्त्री केलेला शर्ट, टोक केलेली पेन्सिल, विझवलेली काडी. परक्या घरात पाऊल टाकलं की इथे आज कपडे धुतलेत, इथे तान्हं मूल आहे, हे न सांगता कळायचं आणि उगाच बरं वाटायचं. माणूस असल्या चिल्लर आनंदांवर जगतो, हे मला ते गेल्यावर कळलं. बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती वाढायची आणि मी घास घ्यायच्या आधीच 'वा' म्हणायचो.

वाटीत साबण फेसला आणि ब्रशने एकेका सांध्याला लावला. गळती असली की तिथे बुडबुडा धरतो. शेगडीमागे, कॉकला, मीटरला, कुठेही धरला नाही.

"मला येतोय हो वास," मावशी म्हणाल्या.

मोरीचा असेल, जुन्या घरांत येतो, असं मी सांगितलं. मोरीचा वास आपल्याला कळत नाही की काय, असं त्यांनी विचारलं. एकदा मनात शंका शिरली की नाक फसवतं, असं मी म्हणालो. कुठल्या तोंडाने म्हणालो, कोण जाणे. पावतीवर नेहमीसारखं लिहिलं, 'वास नाही, गळती नाही', त्यांची सही घेतली आणि खुशाल पेटवा म्हणून निघालो.

दोन मजले उतरलो असेन. वर खिडक्या लावल्याचे आवाज आले. एक, दुसरी, तिसरी. आता बाई चहा टाकणार. माझे पाय जागीच थबकले. अडीच महिने साबणाच्या फेसावर निभावलं होतं, पण खात्री नसताना एकतीस वर्षांत मी कुणाला 'पेटवा' म्हटलेलं नव्हतं.

वर धावलो. बोट घंटीकडे गेलं आणि मी ते चटका बसल्यासारखं मागे घेतलं, कारण गॅस साठला असेल तर घंटीची ठिणगीही पुरते. मुठींनी दार बडवलं. मावशींनी उघडलं तेव्हा काड्यांची पेटी त्यांच्या हातातच होती.

पेटी काढून घेतली आणि खिडक्या पुन्हा उघडल्या. छातीचा भाता चालला होता.

"मावशी, मला वास येत नाही," मी म्हणालो. "अडीच महिने झाले. कसलाच येत नाही."

"मग मघाशी काय हुंगत होतात?"

"काही नाही."

त्यांनी मला ताडताड बोलायला हवं होतं. मी त्याच तयारीत होतो. पण त्यांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि म्हणाल्या, "चला मग. मी पुढे होते."

भिंतीला हात धरून, वाकून, त्या हुंगत निघाल्या. मागे वाटी आणि ब्रश घेऊन मी. इथे कमी आहे, इथे जास्त आहे, असं सांगत त्या पॅसेजमधल्या कपाटाशी थांबल्या. कपाट दोघांनी मिळून ओढलं. मागे भिंतीत जुन्या गॅस हीटरची नळी निघाली. कुणीतरी कधीकाळी कापून तिला टोपण लावलं होतं आणि आमच्या कुठल्याही कागदावर ती नव्हती. फेस लावला. बुडबुडा धरला, लिंबाएवढा झाला, फुटला, पुन्हा धरला.

जिन्यातला मुख्य कॉक बंद केला, खाली रस्त्यावर जाऊन दुरुस्तीवाल्यांना फोन केला. वर येऊन पावतीवरची ओळ खोडली आणि तिच्याखाली लिहिलं: 'गळती आहे. तपासनीसाला वास येत नाही. गळती ग्राहकाने शोधली.'

मावशींनी चष्मा लावून ते वाचलं. "मधलं वाक्य कशाला? काढतील ना तुम्हाला."

"काढतील. पण तुम्ही काडी ओढली असतीत, मावशी."

आम्ही दोघं थंडीत कुडकुडत स्वयंपाकघरातल्या खुर्च्यांवर बसलो. मग त्यांनी विचारलं, "सगळ्यात जास्त काय आठवतं?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. विचारणार कसं?

"नात न्हाऊन आली की तिचं डोकं," मी म्हणालो. "अजूनही जवळ घेतो, नाक टेकवतो. तिला वाटतं, आजोबा हुंगतायत."



दुरुस्तीचा मुकादम आला तो पिशवी खाली ठेवता ठेवताच सवयीने माझ्याकडे वळला. "बोला नाकशेठ, कुठून येत होता वास?"

मी उठून बाजूला झालो.

"यांना विचार," मी म्हणालो. "वास त्यांना आला."