चांदणपरीचे शेवटचे दोन चरण

ऑगस्टा फेनविक ही माझ्या बाबांची आत्या, त्यामुळे आमच्या घरात ती सगळ्यांचीच आत्या. तुम्ही तिला पाहिलेलं आहे. नाव आठवणार नाही, पण पाहिलेलं आहे. रविवारी टीव्हीवर त्या खुनाच्या मालिका लागतात ना, त्यांत पहिली जाहिरात यायच्या आत जी बाई गालिच्यावर पालथी सापडते, ती बहुतेक वेळा माझी आत्या असते. पालथी असल्यामुळे चेहरा दिसत नाही. त्यावर तिचं म्हणणं असं, की पाठीनं अभिनय करणं सगळ्यांना जमत नाही.

सुरुवात मात्र तिची झोकात झाली होती. लंडनच्या नाट्यशाळेत पहिलं बक्षीस, मग लगेच सिनेमा. सव्विसाव्या वर्षी ती एका देखण्या नटाची प्रेयसी होती. दोघं एकाच घोड्यावर बसून समुद्राच्या कडेनं जातात, वारा, केस, सगळं यथासांग. चौतिसाव्या वर्षी ती त्याच नटाची आई झाली. तो तिच्याहून चार वर्षांनी मोठा होता. पन्नाशीला तिनं त्याची आजी करायची असं ठरलं होतं, पण लेखकानं आजीला कथेच्या आधीच मारून टाकलं आणि भिंतीवर नुसता फोटो उरला. फोटोचं काम आत्यानं फार मन लावून केलं. त्या नटाला पुढे राजवाड्यात बोलावून 'सर' केलं. तो अजून प्रेमातच पडतोय.

रंगभूमीवरही वेगळं काही घडलं नाही. कुठल्याही नाटकात आत्या शेवटापर्यंत टिकलीच नाही. कधी विष, कधी क्षय, कधी वेड लागून नदीत उडी. एकदा तर काहीच सुचलं नाही म्हणून तिला नवऱ्याबरोबर कॅनडाला पाठवून दिलं. बाकीचे शेवटची वाक्यं म्हणत असायचे तेव्हा ही वर खोलीत तोंडाला क्रीम चोळत बसलेली असायची.

"शेवटचं वाक्य कोणाचं, ते बघायचं, राणी," असं ती मला मी बालवाडीत असल्यापासून सांगत आली आहे. "लोक तेवढंच घेऊन घरी जातात. माझी वाक्यं मध्यंतराच्या आइस्क्रीमबरोबर वितळतात."

म्हणून यंदा आमच्या थॉर्नसी गावच्या समुद्रधक्क्यावरच्या थिएटरातून डेन्झिल प्रॉक्टरचा तिला फोन आला, तेव्हा तिनं दोनच प्रश्न विचारले. डेन्झिल आमच्याकडे दर नाताळात पँटो बसवतो. पँटोत पुरुष लुगडी नेसल्यागत झगे घालून बायका होतात, गाय नाचते आणि प्रेक्षक घसा बसेपर्यंत ओरडतात. यंदाचं होतं 'बेकरीवालीची पोर आणि चांदीची गाय'.

"परीचं काम आहे, ऑगस्टा. चांदणपरी."

"शेवटपर्यंत जिवंत असते?"

"परी आहे. ती कशी मरेल?"

"आणि शेवटचे दोन चरण?"

"तुझेच की. आणखी कोणाचे?"

डेन्झिलला आजवर कोणालाही 'नाही' म्हणता आलेलं नाही. त्याचे तीन साखरपुडे झालेत, तेही त्यामुळेच.

पोस्टरवर आत्याचं नाव होतं. गाडी कुठे लावावी ही सूचना असते, तिच्या जरासं वर. बाकी सगळं पोस्टर म्हणजे कार्ली-मे डॉब्सनचे दात. दहा जणांना एका बेटावर नेऊन प्रेमात पाडायचा तो टीव्हीवरचा कार्यक्रम तुम्ही बघता, नाही बघत म्हणालात तरी बघता. त्यात कार्ली-मे दोनदा प्रेमात पडली आणि दोन्ही वेळा मतदानात जिंकली. म्हणून ती नायिका. ती आत्याला पहिल्या दिवसापासून 'ऑगी' म्हणायला लागली. आमच्या घरात कोणाची हिंमत नाही.

मीही होते त्यात. चांदीच्या गायीचा मागचा अर्धा भाग. पुढचा अर्धा टिलीकडे गेला, कारण तिची आई डेन्झिलच्या सध्याच्या होणाऱ्या बायकोचे केस कापते. पण मला विचाराल तर गायीचं सगळं कसब मागे असतं. लाथ कोण मारतं? शेपूट कोण फिरवतं?

आता त्या शेवटच्या दोन चरणांचं. पँटो यमकात संपतं आणि ते यमक तालमीत कोणी उच्चारायचं नाही. उच्चारलं की खेळ पडतो, छत गळतं, कोणाचा तरी पाय मोडतो. हे सगळे हसत हसत सांगतात आणि एकही जण तो नियम मोडून बघत नाही. ते चरण संहितेत छापतही नाहीत. डेन्झिल ते म्हणणाऱ्याच्या कानात सांगतो, आणि म्हणणारा पहिल्या खेळापर्यंत ओठ शिवून बसतो. तालमीत ती जागा आली की डेन्झिल टाळी वाजवायचा, "तननं तननं, पडदा, चहा," असं म्हणायचा, आणि सगळे बिस्किटांकडे पळायचे. महिनाभर आम्ही नाटक बिस्किटांवर संपवत होतो.

पहिल्या खेळाला थिएटर भरलेलं होतं. शेवटी एकेक जण मागच्या पायऱ्या उतरून येतो आणि वाकतो. सगळ्यात मोठं नाव सगळ्यात शेवटी. मी आणि टिली गायीतून बाहेर पडून, कातडं काखेत मारून कडेला उभ्या होतो. आत्या उतरली. टाळ्या बऱ्या होत्या. मग कार्ली-मे उतरली आणि बाल्कनी कोसळते की काय असं वाटलं. आत्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. तो मान तिनं आधीच सोडलेला होता. तिला हवं होतं ते पुढे होतं.

संगीत थांबलं. आत्या एक पाऊल पुढे आली.

कार्ली-मेही एक पाऊल पुढे आली.

"दुष्ट पळाले," दोघी एकदम म्हणाल्या.

दोघी थांबल्या. एकमेकींकडे पाहिलं. दोघींना वाटलं, दुसरी चुकली. आता ती मागे सरेल.

"दुष्ट पळाले," दोघी पुन्हा एकदम.

"ऑगी, हे माझं आहे," कार्ली-मे दात तसेच ठेवून पुटपुटली. तिच्या गालाला माइक चिकटवलेला होता, त्यामुळे ते पुटपुटणं धक्क्यावरच्या चिप्सच्या गाडीपर्यंत पोचलं.

"नाही, राणी. हे माझं आहे," आत्या म्हणाली. तिला माइक लागत नाही.

आता पँटोत एकानं 'आहे' म्हटलं आणि दुसऱ्यानं 'नाही', की प्रेक्षकांनी बाजू घेऊन ओरडायचं ही जुनी रीत, मग थिएटरात बसलेले लोक काय करणार? वयाच्या तिसऱ्या वर्षापासून ते तेच करत आलेत. बाल्कनी ओरडली, "आहे." खालचे ओरडले, "नाही." "आहे." "नाही." आमचे गणिताचे सर उभे राहून 'नाही'वाल्यांचं नेतृत्व करत होते. वादकांनी घाबरून शेवटचं गाणं पुन्हा वाजवायला घेतलं, पडदा पडला, आणि ते दोन चरण कोणीच म्हटले नाहीत. लोक म्हणे इतकं हसले नव्हते कित्येक वर्षांत.

मी धावत आत्याच्या खोलीत गेले. ती आरशासमोर पंख सोडत होती. मागोमाग डेन्झिल.

"काय हशा मिळाला, ऑगस्टा. रोज हेच ठेवू या."

"माझ्या शेवटच्या वाक्याला लोक हसले."

"पण तू ते म्हटलंसच कुठे?"

"तेच म्हणतेय मी."

एवढ्यात कार्ली-मे आली, खोट्या पापण्या एका हातात, फोन दुसऱ्या हातात. "मला खरंच कळत नाही ऑगी का चिडली. शेवटी जी उतरते तीच बोलते ना? डेन्झ, तूच म्हणालास मला, गाडीत."

आत्या सावकाश वळली. "तू हिलाही कबूल केलंस?"

डेन्झिल स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. "तेव्हा तुम्ही दोघी एका खोलीत नव्हतात."

"मग महिनाभर बोलला का नाहीस?"

"कसा बोलणार? अपशकुन होतो."

"मी लंडनची गाडी पकडते," आत्या म्हणाली, आणि उगाच नाही म्हणाली. तिनं मोजे बदलायला घेतले. ती गेली असती तर पुन्हा कोणी तिला बोलावलं नसतं. गालिचे सोडून.

"एकेक चरण घ्या ना," मी म्हटलं.

तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू शेपटी बोलली. शेपटी अजून कमरेला होतीच म्हणा. आत्याच्या डोळ्यांत आधी नुसता खून होता. मग हळूहळू तिचा चेहरा मऊ झाला, आणि तो मऊ होतो तेव्हा मला जास्त भीती वाटते.

"पोरगी बरोबर बोलतेय," ती म्हणाली. "पहिला चरण कार्ली-मेचा. नाव तिचं मोठं, मानही पहिला तिचाच."

"अगं ऑगी," म्हणत कार्ली-मेनं तिला मिठी मारली आणि एक पापणी तिच्या खांद्यावर विसरली. डेन्झिलनं इतका मोठा सुस्कारा टाकला की पंख हलले.

दोघं गेल्यावर आत्यानं पापणी चिमटीत धरून कचऱ्यात टाकली.

"ब्रायोनी," ती मला म्हणाली, "यमक कुठे असतं?"

"दुसऱ्या चरणात."

"पहिला चरण म्हणजे दारावरची घंटा. वाजवू दे तिला हवी तेवढी. दार मी उघडणार आहे. आणि सावकाश उघडणार आहे. शेवटच्या शब्दाआधी मी थांबणार. सगळं थिएटर श्वास रोखून बसेल, मग तो शब्द." तिनं आरशाकडे बघून तो थांबा घेऊन दाखवला. मी घसा खाकरला तरी तो संपेना. "आयुष्यभर मी थांबलेय. तेही थोडं थांबतील."

मग ती जिना उतरून हेझेलकडे गेली. हेझेल रंगमंचाच्या कोपऱ्यात अंधारात बसते आणि पडद्याचं बटण दाबते. "'नाताळ' हा शब्द ऐकल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही," आत्यानं तिला बजावलं. "आणि ऐकल्यावर एक क्षणही थांबायचं नाही. त्या पोरीला पुढे 'लव्ह यू थॉर्नसी' वगैरे जोडायला वाव द्यायचा नाही."

"शब्द ऐकला की पडदा," हेझेल म्हणाली. हेझेल कधी चुकत नाही. तिचा तोच दोष आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारचा खेळ. दुपारच्या खेळाला आसपासच्या गावांतून आजी-आजोबांच्या बसगाड्या येतात. त्यांना टॉफी, गुडघ्यांवर घ्यायच्या शाली आणि पुढच्या रांगा लागतात. खेळ छान चालला. मी मारलेल्या लाथेला वेगळ्या टाळ्या पडल्या, हे टिलीही मान्य करते.

शेवट आला. पायऱ्या, वाकणं, संगीत बंद. कार्ली-मे पुढे झाली, दोन्ही हात पसरले, तिसऱ्या रांगेतल्या स्वतःच्या आईकडे बघून हसली आणि दणदणीत आवाजात म्हणाली,

"दुष्ट पळाले, गाय परतली, तुटलं सारं मायाजाळ."

खरं सांगू का, चांगलं म्हटलं तिनं. ती मागे सरली. आता नुसती आत्या. दिवे तिच्यावर. चांदीचा झगा, काठी, आणि चेहऱ्यावर ते सगळं, जे कॅमेऱ्याला दाखवायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही.

"लहानथोरांनो, तुम्हां सर्वांना सुखाचा जावो हा..."

आणि ती थांबली.

सगळं थिएटर थांबलं. शालीसुद्धा हलेना. तिनं काठी हळूहळू वर उचलली. कोणी खोकलं नाही. दुपारच्या खेळाला कोणी खोकत नाही म्हणजे काय, ते थॉर्नसीतच कळेल. तिनं श्वास घेतला. तोही सावकाश. मला दिसत होतं, तिला थांबवत नव्हतं कोणीच. तिलाच तो क्षण सोडवत नव्हता.

"नाताळ," तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

कार्ली-मेच्या आईच्या शेजारी एक म्हातारी बसली होती, निळी टोपी, गालात टॉफी. ती आपल्या मैत्रिणीला सांगत होती. कानानं कमी ऐकणारी माणसं सांगतात तशा आवाजात. "नाताळ असणार गं. मायाजाळ, नाताळ."

हेझेलनं शब्द ऐकला. हेझेलनं बटण दाबलं.

पडदा आत्याच्या नाकासमोरून खाली आला. पलीकडे टाळ्यांचा नुसता पाऊस. अलीकडे आत्या, काठी वर, तोंड उघडं, आत तो शब्द तसाच.

"ऑगी, काय मस्त झालं," कार्ली-मे म्हणाली. "एकदम शांत झाले होते सगळे."

आत्यानं तोंड मिटलं. काठी खाली घेतली. माझ्याकडे वळून तिनं अगदी हळू विचारलं, "त्या बाईला आत कोणी सोडलं?"

"ती तिकीट काढून आली होती, आत्या."

"यमक येतं म्हणून म्हणायचं असतं का कोणी?"

पडद्यापलीकडून निळ्या टोपीवाली मैत्रिणीला सांगताना स्पष्ट ऐकू येत होती, की तिनं शेवट आधीच ओळखला होता. मैत्रीण तिला 'हुशार आहेस हो' म्हणत होती.

संध्याकाळच्या खेळाला थांबा नव्हता. मध्ये श्वासही नव्हता. आत्यानं दुसरा चरण असा म्हटला, जणू मागे आग लागली आहे, आणि शेवटचा शब्द एकदाचा तिच्याच तोंडून बाहेर पडला. त्या वेळी कार्ली-मे अजून 'मायाजाळ'च्या 'माया'वरच होती.