आईचा नंबरचा मास्क

खडकाला वळसा घालून होडी आत शिरली, की मगच तो किनारा दिसायचा. त्यामुळे तिथे फारसं कुणी फिरकत नसे. दर सुट्टीत एक दिवस बाबा चष्म्याच्या दुकानाला कुलूप लावून सगळ्यांना इथे पोहायला आणायचे. यंदा पहिल्यांदाच बाबा नव्हते.

आईने मात्र सगळं तसंच केलं होतं. तीच चटई, तीच डबे उघडायची घाई, आणि मऊ रुमालात गुंडाळलेला, पाण्याखालचं बघायचा तोच मास्क.

त्या मास्कचा घरात मोठा मान. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा इथे आली, तेव्हा सगळे पाण्यात डोकी घालून मासे बघत होते आणि आई आपला चष्मा सांभाळत काठावर बसलेली. चष्मा काढला की तिला नवरा कुठला आणि नारळाचं झाड कुठलं, तेही कळत नसे. बाबांच्या ते मनाला लागलं. आठवडाभर खपून त्यांनी तिच्या नंबरची भिंगं मास्कच्या काचेला आतून चिकटवली. तेव्हापासून दोघं हात धरून पाण्यावर पालथी तरंगायची. बाबा बोटाने मासे दाखवायचे आणि श्वासाच्या नळीतून आईचे हुंकार यायचे. थोरल्या मुलीला लहानपण आठवलं की आधी ते हुंकारच ऐकू यायचे.

"आई, त्याचा आता काही उपयोग नाही गं," थोरली म्हणाली. दुकान आता तीच चालवत होती. "मोतीबिंदूच्या ऑपरेशनने तुझा नंबर गेला. यातून सगळं धुरकट दिसेल. माझा साधा मास्क घाल."

"मला हाच हवाय."

"अगं, मासे दिसणार नाहीत!"

"नाही तर नाही."

"तायडे, नाद सोड," धाकटा वाळूत लोळत म्हणाला. "आईकडे किडनी माग, लगेच देईल. मास्क नाही."

पुसून देते म्हणून थोरलीने मास्क हातात घेतला. सवयीने भिंगांवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा अडला. आईचा जुना नंबर तिला तोंडपाठ होता. उजव्या डोळ्याचा नऊ, डाव्याचा चार. आणि नऊचं जाड भिंग डाव्या डोळ्यासमोर होतं. बाबांनी मास्क समोर धरून भिंगं बसवली असणार, त्यात डावं-उजवं झालं होतं.

"आई, ही भिंगं उलटी बसलीत. तुला माहीत होतं?"

"डोळे माझे. मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

धाकटा ताडकन उठून बसला. "मग तू आम्हाला सांगायचीस ते कासव? तो लाल पट्ट्यांचा मासा?"

"वर आल्यावर हे भरभरून सांगायचे, तेच मी पुढे सांगायची." आई रुमालाची घडी घालत राहिली. "पहिल्या दिवशी डोकं वर काढलं, तर हे समोर. 'दिसलं ना? दिसलं ना?' तो चेहरा बघून नाही कसं म्हणायचं? आणि एकदा हो म्हटलं की झालं, दरवर्षी हो म्हणणं आलं."

"काहीच दिसायचं नाही?"

"एका डोळ्याने वीतभर अंतरावरचं दिसायचं. मासा दाखवायला हे बोट अगदी काचेपाशी आणायचे. ते बोट दिसायचं. पाण्याने सुरकुतलेलं, नखाच्या कडेला भिंगं घासायची भुकटी." ती हसली. "मला तेवढं पुरायचं."

थोरली म्हणाली, "पण तू मासे बघावेस म्हणूनच बाबांनी एवढा खटाटोप केला ना?"

आईने तिच्या हातून जुना मास्क घेऊन मांडीवर ठेवला.

"आणि बघून आवडलं तर? त्यांच्याशिवाय?"

"तर आवडू दे की."

"नाही आवडलं तर सांग," धाकटा म्हणाला, "समुद्र बदलून आणतो."

"मेल्या!" म्हणत आईने साधा मास्क ओढून घेतला.

थोरलीने तिचा हात धरला. छातीभर पाण्यात आई पालथी झाली, नळीतून सवयीचे दोन हुंकार आले आणि एकदम थांबले. हातातली पकड घट्ट झाली, मग हळूहळू सैल. खाली प्रवाळाभोवती मासे झुंडीने वळत होते.

बऱ्याच वेळाने तिने डोकं वर काढलं. मास्क तसाच, गालांवरून पाणी निथळतंय.

"काय गं, बरी आहेस ना?" थोरलीने विचारलं.

"थांब गं, मध्ये बोलू नकोस," आई म्हणाली, आणि परत पाण्यात गेली.