नळीतलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. हसलात ना? हसा, मला सवय आहे. "काय नमुना आहे!" असं म्हणतच मला या जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या मागे ढकललं. पण मी खराखुरा नमुना आहे, एका शहराच्या बससेवेचा. मला चाकं नाहीत, इंजिन नाही. तीन काचेच्या पेट्या, एक तोटी, एक छोटा पंप आणि नळ्या, एवढाच माझा देह. आता काचा पिवळ्या पडल्या आहेत आणि पंपामागे कोळ्याने संसार थाटला आहे.

माझा जन्म स्वयंपाकघरातला. बस कार्यालयातल्या एका अभियंता बाईंनी मला घरच्या टेबलावर जोडलं. शहराच्या अगदी कडेच्या वसाहतीत त्या आपल्या थोरल्या बहिणीबरोबर राहायच्या. ताई दवाखान्यातल्या धुलाईखात्यात कामाला, आणि दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. दुचाकीचा तिने लहानपणापासून धसका घेतलेला. बस होती म्हणूनच तिची नोकरी होती. बाई नळ्या चिकटवत बसल्या की ती कुरकुरायची, "अगं, मी भाजी कुठे चिरू? तुझ्या डोक्यावर?" आणि कुरकुरतच काच धरून उभी राहायची.

माझं काम समजायला सोपं आहे. निळं पाणी म्हणजे माणसं. पहिली पेटी म्हणजे बसथांबा. तिथलं पाणी तोटीतून दुसऱ्या पेटीत उतरतं, ती बस. पंप ते परत थांब्यावर आणून सोडतो, कारण आज बसने गेलेला माणूस उद्या पुन्हा थांब्यावर येतो. तोटी आवळली, म्हणजे बस कमी केल्या, की थांब्यावरचं पाणी चढतं आणि वरच्या भोकातून एका लांबलचक, वेटोळ्या नळीत शिरतं. ती नळी तिसऱ्या पेटीत जाते. ही पेटी स्वतःची गाडी घेणाऱ्यांची. बाईंनी नळी मुद्दाम लांब आणि बारीक ठेवली होती. वैतागलेला माणूसही लगेच गाडी घेत नाही, आज बघू, उद्या बघू करत राहतो. बसच्या पेटीत एक तरंगतं बूच आहे. पाणी उतरलं की त्याची दोरी तोटी आणखी आवळते. प्रवासी घटले की बस घटवायच्या, ही कार्यालयाची रीतच होती. आणि हो, तोटीला बचतीचा एक काटाही आहे. तोटी आवळली की तो टुणकन वर उडतो, अगदी लगेच.

त्या काट्यानेच घात केला.

मोठ्या साहेबांच्या मनात बस कमी करायचं होतं. तसं करू नये, हे दाखवायला बाई मला सभागृहात घेऊन गेल्या. काय माझा थाट होता त्या दिवशी! बाईंनी तोटी थोडी आवळली. काटा वर गेला. साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले, "वा! हेच तर मी कधीपासून सांगतोय."

"साहेब, जरा थांबा. पाणी अजून नळीत आहे."

"बाई, नळीतलं तुम्ही बघा. मला पुढची बैठक आहे."

टाळ्या वाजल्या, खुर्च्या सरकल्या, सगळे गेले. मग रिकाम्या सभागृहात तिसऱ्या पेटीत पहिला थेंब पडला. टप. बाई एकट्याच बघत होत्या. मला त्या वेळी ओरडावंसं वाटलं, पण काचेला कुठला आवाज!

बस कमी झाल्या. वर साहेब सगळ्यांना सांगत सुटले, "यंत्रानेच सिद्ध केलंय!" मला दर्शनी भागात ठेवलं. पाहुणे यायचे, काटा उडालेला बघायचे, वाहवा करायचे, आणि पाणी नळीत असतानाच पंप बंद व्हायचा. बाहेर रस्त्यावर मात्र पंप कोण बंद करणार? थांब्यांवर गर्दी साचली, लोक कंटाळले, हळूहळू गाड्या घेऊ लागले. बस रिकाम्या धावू लागल्या, म्हणून आणखी कमी झाल्या.

एके दिवशी ताई बाईंना न्यायला कार्यालयात आली. बाई माझ्याजवळच उभ्या होत्या.

"ताई, हे काय हातात?"

"हेल्मेट. दुसरं काय, भोपळा?"

"तू स्कूटर घेतलीस? तू?"

"मग काय करू? रोज उशीर, रोज बोलणी. परवा दवाखान्यात म्हणाले, पुन्हा उशीर झाला तर येऊच नका." ताईने माझ्या तिसऱ्या पेटीवर बोट टेकवलं. "मी आता इथे आले, नाही का गं?"



पुढे ओल्या रस्त्यावर ताईची स्कूटर घसरली. उजवं मनगट मोडलं, ते पुन्हा नीट बसलंच नाही. ओल्या चादरी उचलता येईनात. नोकरी गेली. त्याच सुमारास वसाहतीची बसही बंद झाली, प्रवासी नाहीत म्हणून. साहेब केव्हाच वरच्या पदावर गेले होते, आणि मी या जिन्याखाली.

गेल्या महिन्यात मला भंगारात काढायचं ठरलं. ते ऐकून बाई ताईला घेऊन आल्या. काचा पुसल्या, पाणी भरलं. पंप कण्हत का होईना, चालला. पहिल्यांदाच कोणीतरी मला शेवटपर्यंत पाहिलं. बस आटली, तिसरी पेटी काठोकाठ भरली. मग ताईने डाव्या हाताने तोटी पूर्ण उघडली आणि वाट बघत बसली. तिसऱ्या पेटीतला थेंबही हलला नाही.

"इकडून परत यायची नळी कुठे आहे?"

"ती मी ठेवलीच नव्हती गं, ताई."

मित्रांनो, उद्या भंगारवाला येईल. मला वाचवा, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो, कोणी तुम्हाला "जरा थांबा" म्हणालं, तर थांबा. काटा सगळ्यांनाच दिसतो. नळीकडेही बघा, तिच्यात कोणाची तरी ताई असते.