मागून आणलेले हात

संस्थेच्या सभेच्या आदल्या रविवारी सोमाजी मेश्रामांनी मुलाला, सुगतला, कोसमटोला या गोंड पाड्यावर पाठवलं. काम एका वाक्याचं होतं. टोल्यातल्या सभासदांना मशीन समजावून सांग आणि सभेत हात वर करायला सांग.

मूल गावाहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची ही संस्था मजुरांचीच होती. सिमेंटच्या चौकटी, खिडक्यांच्या जाळ्या, भिंतीचे ठोकळे असा माल तिथे हाताने तयार होई. सोमाजी अध्यक्ष असूनही रोज साचे भरत. त्या वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशी साली, शाळाखोल्यांचं मोठं काम समोर होतं. पण त्या कामाचे इंजिनिअर म्हणाले होते, हाताने ठोकलेला माल एकसारखा निघत नाही. यंत्राचा देत असाल तर द्या, नाहीतर आम्ही बाहेरून आणू. यंत्रासाठी कर्ज काढायचं तर दोन तृतीयांश सभासदांची संमती हवी होती. टोल्यातल्या गोंड सभासदांशिवाय तेवढी संख्या भरत नव्हती.

सुगत पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाला होता आणि तेव्हापासून नोकरीवाचून घरी होता. ते यंत्र त्याने नागपूरला चालताना पाहिलं होतं. माल साच्यात आपोआप पडे, साचा थरथरे आणि ओला ठोकळा एकही कड न मोडता बाहेर येऊन बसे. तो तिथून हलायलाच तयार नव्हता. यंत्र आलं की ते चालवायचं त्यानेच, हे घरात न बोलता ठरलं होतं.

त्या यंत्राला ठोकणारी माणसं लागत नव्हती. संस्थेत ठोकणीचं, म्हणजे साच्यातला ओला माल ठोकून घट्ट बसवायचं काम टोल्यातली माणसं करत. या दोन्ही गोष्टी सुगतला नीट माहीत होत्या. त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहायचं मात्र त्याने टाळलं होतं.

टोल्यात जंगू आत्रामने अंगणात खाट टाकली. ठोकणीच्या गटाचा तो म्होरक्या, सोमाजींच्याच वयाचा. सुगत खाटेवर बसला आणि बाकी सगळे खाली मातीवर. संस्थेत लहानथोर एकाच चटईवर बसतात, हा त्याच्या बापाचा पहिला नियम. तो त्याला आठवला, पण बसून झाल्यावर.

त्याने एक पायली धान मागवलं आणि काठोकाठ भरलेली ती पायली जमिनीवर हलके आपटत राहिला. धान खाली बसलं. "पाहा, भाऊ. दाण्यांमधली हवा गेली. मशीन हेच करते, पण लवकर करते. म्हणून माल पक्का होते."

"आमचा व्यापारी बी हेच करते," जंगूची बायको बुधरी म्हणाली. "घेताना पायली ठोकते, देताना नाई ठोकत. थ्याच्याकडं बी मशीन हाये का, बाबू?"

अंगण हसलं. सुगतही हसला.

"मंग ठोकणी?" जंगूने विचारलं.

"ठोकणीची गरज राहत नाई. पण संस्था वाढंल. दुसरं काहीतरी निघंलच."

दुसरं काय निघेल, ते त्याला माहीत नव्हतं. जंगूनेही विचारलं नाही. बुधरीने पळसाच्या दोन्यात आंबील आणून दिली. सुगत प्यायला, मग बाकीचे प्यायले.

"मांगाले काय आला होता, थे सांग," जंगू म्हणाला.

"सभेत हात वर करा, भाऊ. एवढंच."

जंगू गोंडीत दोन शब्द बोलला. कोणी मान हलवली, कोणी नुसतं पाहिलं. "करू," तो म्हणाला.

परतताना सुगतच्या मनात आलं, यांना समजलेलं दिसत नाही. मागे फिरून पुन्हा सांगता आलं असतं. तो सायकल जोरात मारू लागला.

सभा संस्थेच्या शेडमध्येच भरली. सोमाजींनी ठराव वाचून दाखवला. जाळ्यांना पाणी मारणाऱ्या रुखमाबाईने बसल्या जागेवरून विचारलं, "अध्यक्षभाऊ, मशीन आली का ठोकणारे कुठी जातीन?"

सोमाजींनी सुगतकडे पाहिलं. सुगत उभा राहिला. "त्याचा विचार संस्था नंतर करंल," तो म्हणाला आणि खाली बसला.

"ठरावाच्या बाजूनं ज्याचे हात असतीन त्यानं वर करा."

पहिले हात टोल्याचे वर गेले. जंगू, बुधरी, लालसू, मागच्या रांगेतल्या बाया, सगळे एकदम. सोमाजींच्या वस्तीवरच्यांपैकी काहींनी हात उचलायला घेतले होते, ते अर्ध्यात थांबले. कोणी डोकं खाजवल्यासारखं करून हात खाली घेतला.

"वा रे वा," रुखमाबाई म्हणाली. "ज्याच्या पोटावर पाय येते थोच हात वर करते, अन् ज्याची भाकर शाबूत हाये थो डोक्शात उवा पाहून राह्यला."

कोणी हसलं नाही. सुगत उठून जंगूजवळ गेला, खाली बसला आणि हळू बोलला, "भाऊ, तुमाले समजलं नाई का? मशीन आली का तुमचं काम जाते."

"समजलं ना. तूच तं सांगतलं त्या दिवशी. ठोकणी राहत नाई म्हणून."

"मंग हात काऊन वर केला?"

जंगूला हा प्रश्नच विचित्र वाटला असावा. "तू घरी आला, आंबील पेला, मांगतलं. आमी करू म्हटलं. पाहुण्याले दिलेलं आता कसं नाई म्हणू?"

 सुगतने त्यांना अडाणी धरलं होतं आणि तेवढ्यावर त्याला झोप लागत होती. त्यांना सगळं कळत होतं. अंगणात तो खाटेवर बसून मागत होता तेव्हाही कळत होतं.

"हात खाली घ्या, भाऊ. मी सांगतो ना."

"असं कानात नाई. चार लोकांसमोर मांगतलं, चार लोकांसमोर परत कर."

सुगत उभा राहिला. "अध्यक्ष महाराज, हा ठराव पुढच्या सभेपर्यंत स्थगित ठेवावा, अशी माझी सूचना आहे."

टोल्याचा एकही हात हलला नाही. लालसूचा हात अवघडला होता. त्याने तो खाली घेतला आणि दुसरा वर केला. तेवढ्यावर दोघं-तिघं हसले. सोमाजी हातातल्या कागदाकडे पाहत होते. ठरावाला नाही म्हणणं एकवेळ सोपं होतं. इथे सुगतला आपण काय केलं ते मोठ्याने म्हणायचं होतं, आणि समोर सगळे त्याला लहानपणापासून ओळखणारे होते.

"मी टोल्यात गेलो होतो," तो म्हणाला.  "मी यांच्या घरी बसून यांचे हात मागतले. मशीन चालवाले मी राहणार होतो, म्हणून मागतले. यांचं पुढं काय, थे मले ठाऊक नाई. तेव्हा बी नव्हतं. जंगूभाऊ, मी मागतलेलं परत देतो."

हात एकेक करून खाली आले. बुधरीने खांदा चोळला.

सोमाजींनी उरलेले हात मोजले. "ठराव नामंजूर," ते म्हणाले आणि पाणी प्यायले.

लोक पांगल्यावर बाप-लेक शेडमध्येच राहिले. सोमाजी तेलाच्या बोळ्याने साचे पुसत होते. काम बाहेर गेलं तर हे साचेही किती दिवस भरतील, कोणाला सांगता आलं नसतं. सुगतने दुसरा बोळा घेतला.

"मी तुमाले खाली पाहाले लावलं, बाबा."

सोमाजींचा हात साच्यावर थांबला. "थे लोकं दारी आलेल्याले नाई म्हणत नाई. जंगूसंग मी जवान होतो तवापासून काम करून राह्यलो. मले का ठाऊक नव्हतं?"

"मंग तुमीच काऊन नाई गेले?"

"माझ्यानं मागणं झालं नसतं." सोमाजी साच्याकडेच पाहत बोलत होते. "म्हणून तुले धाडलं."

बाहेर रस्त्यावरून टोल्याची माणसं चालली होती. बुधरीने आत डोकावून हाक दिली, "बाबू, येजो कधी. आंबील आहे."

"हो," सुगत म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

"जा लागंल थिथं," सोमाजी म्हणाले. "दोघाले बी."

"काय सांगाचं?"

 साचे पुसून झाले होते, तरी दोघं ते पुन्हा पुसत बसले.