निजलेले स्पीकर

दोन खोकी दारातून आत आली आणि बुरुलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोकी कसली, कपाटंच ती! एकेकाला दोन-दोन माणसं लागली होती, आणि पुढे छाती काढून तिचे मोठे दीर कुबात असे चालत होते, की जणू वरातच घेऊन आलेत.

"बघ बुरुल! अख्ख्या काराकोलमध्ये असा आवाज कुणाच्या घरी नसेल."

"आके, मी छोटे सांगितले होते," बुरुल म्हणाली. मोठ्या दिराला ती आकेच म्हणायची. "भिंतीवर लावायचे. पावाएवढे."

"अताच्या पंच्याहत्तरीला पावाएवढे? लोक म्हणतील, पोरांनी बापाला खुळखुळे दिले!"

हमाल हसले. बुरुलचा नवरा एमिलही हसला, आणि बायकोकडे नजर जाताच बूट शोधायला खाली वाकला. हा माणूस भावासमोर कायम बूटच शोधत असतो.

आता यात तिचं काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. सगळंच बिघडलं! सासऱ्यांना, म्हणजे अतांना, ऐकू कमी यायचं. टीव्हीचा आवाज ते वाढवत न्यायचे, तरी बातम्या सांगणारा काय म्हणतोय ते कळायचं नाही, म्हणून आणखी वाढवायचे. आणि त्या खोलीला लागून, एमिलने प्लायवूड ठोकून केलेल्या आडोशापलीकडे मेरीम अभ्यासाला बसायची. बुरुलची एकुलती एक लेक. मेडिकलचा प्रवेश गेल्या वर्षी थोडक्यात हुकला होता. यंदाची परीक्षा महिन्यावर आली होती आणि पोरगी कानात कापूस कोंबून हाडांची नावं घोकत होती. वर कुबातनी भर पंगतीत सांगून टाकलं होतं, "या खेपेला नापास झाली, तर माझ्या खानावळीत पाठव. भांडी घासायला डोकं लागत नाही."

म्हणून तिनेच युक्ती काढली होती. टीव्ही नुसता ओरडतो, तर त्याचा आवाज म्हाताऱ्याच्या कानाशीच नेऊन ठेवला तर? ती एकटी बाजारात गेली आणि वादिमच्या दुकानात दुपारभर ठाण मांडून बसली. वादिमने हौसेने लढाईचा सिनेमा लावला. ती म्हणाली, "बाबा रे, बॉम्ब नकोत. बातम्या लाव." खांबांएवढ्या मोठ्या स्पीकरांमधून निवेदक पिंपात बसून बोलल्यासारखा वाटत होता. मग वादिमने पाच चिमुकले स्पीकर मांडले. एक टीव्हीखाली, बोलणं स्पष्ट यावं म्हणून. दोन पुढे, दोन बसणाऱ्याच्या दोन्ही अंगांना, कानाच्या उंचीवर. धमधम करणारा डबा वेगळा होता. तो तिने बंदच करायला लावला. आवाज इतका खाली आणला, तरी शब्दन् शब्द कळत होता. ती दुकानाबाहेर जाऊन दाराआड उभी राहिली. बाहेर काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. तिला दारातच रडू फुटलं.

पण बापाच्या पंच्याहत्तरीची भेट मुलांनीच आणायची. सुनेने दुकानातून उचलून आणली, तर कुबातचं नाक कापलं जातं. म्हणून तिने त्यांना फोनवर सांगितलं. आणि माशी शिंकली ती तिथे.

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, मोठ्या दिराचंही नाही. नुसतं नावच नाही, त्या नावातला शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. सासऱ्यांचं नाव तिंचतिकबेक. तिंच म्हणजे शांत. आणि कुबात म्हणजे जोर. झालं! बिचारीला या घरात ना शांत म्हणायची सोय, ना जोरात म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हापासून शांतला ती 'निजलेलं' म्हणायची. तळं निजलंय, वारा निजलाय, मुलांनो निजल्यासारखे बसा. सगळ्या घराला हे पाठ होतं. कुबातनाही.

"मी फोनवर काय सांगितलं होतं, आके? निजलेले आणा म्हटलं होतं ना?"

"हो ना! मी दुकानात विचारलं, निजलेले आहेत का म्हणून. मला वाटलं आडवे ठेवायचे असतील. तो म्हणाला, आडवे नाहीत. मग उभे आणले." कुबात हमालांकडे बघून हसले. "तुला शांत आवाजाचे हवे होते, तर तसं म्हणायचं! तू 'शांत' म्हणालीच नाहीस, त्याला मी काय करू?"

काय माणूस! ज्या शब्दाला तिच्या तोंडात कुलूप घातलं, तोच म्हणाली नाहीस म्हणून वर हिलाच बोल! आणि हे कुलूप सगळ्यात जपणारा कोण, तर हाच. धाकट्या जावेच्या तोंडून एकदा त्यांचं नाव निसटलं, तर वर्षभर त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला नव्हता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. ती स्वयंपाकघरात गेली आणि कणीक अशी तिंबली, की टेबल सरकत भिंतीला जाऊन लागलं.

शनिवारी दुपारी सगळे नातेवाईक जमले. दाराच्या समोरच्या भिंतीशी, मानाच्या जागी, अता बसले. त्यांच्या दोन्ही बाजूंना ते दोन खांब. मटण झालं, भाषणं झाली आणि कुबातनी उठून लढाईचा सिनेमा लावला.

पहिल्याच स्फोटाला चहाच्या वाट्या नाचल्या. पिठाच्या तळलेल्या बोर्सोकांचा ढीग घरंगळला. मंडळी टाळ्या पिटू लागली. प्लायवूडचा आडोसा थाडथाड हादरला आणि त्यावर मेरीमने चिकटवलेले हाडांचे तक्ते एकेक करून खाली पडले. मेरीम बाहेर आली. तिचे ओठ हलत होते, काय म्हणतेय ते कुणालाच ऐकू आलं नाही. बुरुलला कळलं. लेक म्हणत होती, "आई, मला नाही जमणार आता."

"आके, बंद करा!" बुरुल ओरडली.

"काय?" कुबातनी कानाला हात लावला आणि हसत हसत आवाज आणखी वाढवला. "पोरीला सवय होऊ दे! खानावळीत याहून गोंगाट असतो!"

बुरुलने जाऊन भिंतीतला प्लग हिसकून काढला. आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत, तिच्या आवाजाला काही अडवायला उरलं नव्हतं तेव्हा, ती पोटातून ओरडली, "तिंच! तिंच, तिंच, तिंच! शांत पाहिजे मला! ऐकलंत? आता म्हटलं मी! आता आणाल?"

धाकट्या जावेने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. कुबात लालबुंद झाले.

"सासऱ्याचं नाव! त्यांच्याच सणाला, अख्ख्या गोताच्या देखत! एमिल, बायको आहे की कोण ही? वाक त्यांच्यासमोर! आत्ताच्या आत्ता वाक आणि माफी माग!"

या वेळी एमिलला बूट सापडले नाहीत. तो उठून मेरीमजवळ जाऊन उभा राहिला, इतकंच. पण तेवढं तरी केलं.

"वाकते," बुरुल म्हणाली. "अतांसमोर वाकायला मला लाज नाही. पण माफी मागणार नाही. लेकरासाठी बोलले मी."

ती सासऱ्यांसमोर गेली, छातीवर हात घेतले आणि वाकली. आता आमची रीत अशी, की सून वाकली म्हणजे थोरल्याला आशीर्वाद द्यावाच लागतो. शिव्या घालायच्या असल्या तरी आधी आशीर्वाद. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही तळवे वर धरले. खोलीतल्या प्रत्येकाला धरावे लागले. कुबातनाही.

"जगून राहा, पोरी," अता म्हणाले. "लेक तुझी शिकून मोठी होवो. आणि या घरात तिंच नांदो. सकाळी तिंच, संध्याकाळी तिंच. जो मोडेल त्याचं भलं न होवो. ओमिन."

"ओमिन," सगळे म्हणाले आणि तोंडावरून हात फिरवला. कुबातचे हात अर्ध्यावरच अडले होते. सगळं गोत त्यांच्याकडे बघायला लागलं, तेव्हा त्यांनीही फिरवले.

"ओमिन म्हणालास ना?" अतांनी विचारलं. "मग हे खांब उचल. छातीत धडधडतंय माझ्या. आणि माझ्या सुनेला काय हवंय ते तिलाच विचारून आण."

मंडळी पुन्हा जेवायला लागली, कुणीतरी मुद्दाम बाजारातल्या घोड्यांच्या किमतीची गोष्ट काढली. बुरुलने मेरीमला आत पाठवलं, तक्ते परत चिकटवायला. मग ती सामोवारापाशी, चहाच्या बंबाशी, बसली आणि चहा ओतू लागली. आमच्याकडे पाहुण्याला वाटी अर्धीच भरतात. अर्धी म्हणजे बसा, पुन्हा मागा, तुमचंच घर आहे. काठोकाठ म्हणजे प्या आणि निघा. तिने अतांना अर्धी दिली, जावेला अर्धी दिली, नवऱ्याला जरा कमीच. शेवटी दिराची वाटी घेतली आणि चहा सांडायला येईपर्यंत काठोकाठ भरली.

"घ्या आके," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी, अगदी आदराने, ती त्यांच्यासमोर ठेवली.