घासलेला आरा

मंगळवारी संध्याकाळी शाळेतून परतले तेव्हा बापाक, म्हणजे माझे वडील, चाकासमोर बसले होते. त्याला चाक आम्हीच म्हणायचो. सागवानी फळीच्या एका टोकाला ड्रिल आवळलेलं, ते चालायचं शिलाई मशीनच्या पेडलवर. दुसऱ्या टोकाला मासे धरायच्या गळाची फिरकी, आणि तिला टांगलेली वाळूची बाटली. मधल्या तारा त्या वजनाने ताणून राहायच्या आणि त्यांच्यावर केसासारखी बारीक तार सरसर गुंडाळली जायची. विकत मिळणारी यंत्रं थरथरतात म्हणून त्यांनी हे घरी बनवलं होतं. निदान मला तरी तसंच सांगितलं होतं.

"न्दुक, उजेडात उभी राहू नकोस," ते मान वर न करता म्हणाले. पोरीला आमच्याकडे अशीच हाक मारतात. "आणि ती तार आहे, शेवई नाही. बोट लावू नकोस."

"मी कुठे लावलं?"

"लावणार होतीस. तुझी आईही अशीच लावायची."

कोटागेडेत चाळीस वर्षं त्यांनी चांदीच्या तारेची जाळीकामं केली. चांदीची गिऱ्हाइकं आटली तेव्हा सोलो शहरातला दुकानदार यानुआर एक कॉइल घेऊन आला. सिगारेटऐवजी ओढतात त्या वाफेच्या नळीत जी तापते, ती. हे हाताने वळता येईल का, त्याने विचारलं. बापाकनी ती भिंगाखाली धरली आणि हसले. "याला हे लोक कला म्हणतात?" दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याहून सुंदर वळून ठेवली. तेव्हापासून सोलो-सेमारांगच्या दुकानांत त्यांच्या नावाच्या डब्या जात होत्या.

वळायचे ते, मोजायची मी. यानुआरने वीस जोड्या मागवल्या होत्या, आणि मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरीवर असताना तीन दिवसांत त्यांनी त्या पुऱ्या केल्या होत्या. मी मीटर काढलं. जोडीचा रोध पॉइंट पंधरा ओहम यायला हवा होता. पहिल्या जोडीचा पॉइंट बारा आला. दुसरीचाही, आणि पाचवीचाही. मी मीटरची टोकं पुसून पुन्हा मोजलं.

मग ज्यावर कॉइल वळतात तो आरा उचलला. मोटरसायकलच्या चाकाचा, जुन्या हातोडीच्या मुठीत बसवलेला. जाडी तीन मिलिमीटर असायला हवी होती. कॅलिपरमध्ये दोन पॉइंट सहा भरली. त्यावर कानशीचे ताजे ओरखडे होते.

चांदीचा कारागीर असंच करतो. दागिना साच्यावरून सुटेना की साचा थोडा घासतो. चांदीला त्याने काही होत नाही. पण इथे प्रत्येक वेढ्याची तार आखूड होते, रोध उतरतो आणि बॅटरी त्या मानाने जास्त वीज ओढते. यानुआरची गिऱ्हाइकं वापरतात त्या नळीत कसलंच संरक्षण नसतं. तांब्याची नळी, आत बॅटरी, खाली बटण. तिथे पंधरासुद्धा धोक्याच्या कडेलाच असतं; त्याखाली बॅटरी तोंडाशीच फुटू शकते.

आणि त्यांना आरा का घासावा लागला हेही मला ठाऊक होतं. त्यांचा उजवा अंगठा दोन वर्षांपासून थरथरत होता. कॉइल हलकेच सरकवून काढणं त्यांना जमत नव्हतं. चहाचा पेला ते डाव्या हाताने उचलायचे आणि मी दुसरीकडे बघायची.

"कसं आलं?" त्यांनी विचारलं.

वडिलांशी बोलायची आमची भाषा वरची, अदबीची. तिच्यात कितीतरी गोष्टी नम्रपणे सांगता येतात. 'तुमचा हात गेला' ही त्यातली नाही.

"ठीक आहे, बापाक," मी म्हटलं.

"ठीक? गल्लीतल्या त्या मुर्जिनोला नेऊन दाखव. तो म्हणतो, हे पोरांचे धंदे."

मी डबी माळ्यावरच्या फळीवर पुस्तकांमागे सरकवली. नवा आरा आणायचा, चार-पाच दिवसांत मीच वीस जोड्या वळायच्या आणि त्यांच्याच नावाने पाठवायच्या, असं ठरवलं. पूर्वी दोनदा केलंही होतं.

बुधवारी दुपारी शाळेत फोन आला. ते ओसरीत बसल्या बसल्या कलंडले होते. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. संध्याकाळच्या आत दफन झालं.

तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी चटया अंथरताना प्रार्थनेच्या पुस्तिका हव्या होत्या. त्या त्याच फळीवर होत्या. मी हात घातला. डबी नव्हती.

सगळी पुस्तकं खाली काढली. मग आत जाऊन खुंटीवरचा त्यांचा सदरा चाचपला. खिशात कुरियरची पावती होती. बुधवार, सकाळी दहा, सोलो. मी पाठवायला विसरले असं त्यांना वाटलं असणार. स्वतः चालत गेले होते.

यानुआरला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. सात वेळा. अंगणात खुर्च्या सरकत होत्या, शेजारणी केळीच्या पानांवर किपोचे गोड घास मांडत होत्या, कोणी विचारलं, "वेनिंग, चहात साखर किती?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

प्रार्थना झाली. माणसं चहाला बसली तेव्हा यानुआर दारात दिसला, हेल्मेट काखेत, डोळे लाल.

"म्बाक, गाडीवर होतो, तुमचे फोन आत्ता पाहिले. माफ करा." मोठ्या बहिणीला म्हणतात तसं म्बाक म्हणत तो माझ्यासमोर हात जोडून वाकला.

"यानुआर, डबी—"

"मिळाली, काल मिळाली! शेवटची डबी, म्बाक. मी उघडली आणि रडलो." तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. "उद्या आमची वाफेचे ढग सोडायची स्पर्धा आहे. एकोणीस जोड्या एकोणीस जणांना वाटल्या. बसवून तयार ठेवल्यात. उद्या सगळे एकदम बटण दाबणार. तुमच्या बापाकसाठी, पाक दार्माजींसाठी."

"असा हात पुन्हा होणे नाही," मुर्जिनो म्हणाले. बापाकना आयुष्यभर टोमणे मारणारे तेच. "सत्तरीला आला होता, पण हात कसा? दगड! आम्ही सगळे ढेपाळलो. त्याचा एक हात होता म्हणून या गल्लीची लाज राहिली."

"खरंय," कोणीतरी म्हणालं. जुने कारागीर माना हलवू लागले.

मी यानुआरला म्हटलं, "जरा आत येतोस?"

"येतो की. त्यांच्या चाकापाशीच यायचंय." त्याने खिशातून तांब्याची नळी काढली. "विसावी जोडी माझी. अजून दाबलेली नाही. म्हटलं पहिल्यांदा दाबायची ती त्यांच्याच घरात, सगळ्यांसमोर." त्याने नळी ओठांजवळ नेली. अंगठा बटणावर आला.

मी पेल्यांवरून पाय टाकून त्याचं मनगट धरलं. चहा चटईवर सांडला.

"म्बाक?"

"दाबू नकोस. बॅटरी काढ. आणि त्या एकोणीस जणांना आत्ता फोन कर."

"पण का? काय झालं?"

एखादी बॅटरी खराब निघाली, दुकानाने चुकीची तार पाठवली, असलं काहीही सांगता आलं असतं. पण यानुआरने बॅटरी बदलली असती, आणि उद्या बटणं दाबलीच गेली असती. मुर्जिनो माझ्याकडे बघत होते. त्यांच्या हातातला पेला अर्ध्यावर थांबला होता.

"त्या जोड्या चुकल्यात," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "आरा घासलेला होता. मी मोजलं होतं, आणि त्यांना ठीक आहे म्हणून सांगितलं. माझ्या बापाचा हात थरथरत होता. दोन वर्षं थरथरत होता. मी रोज बघत होते."